ज्वारीच्या खळीची साडी

मुलाखतीच्या पत्रात एकूण सात सूचना होत्या. त्यातल्या सहा मी वाचल्या आणि सातवी आमच्या सगळ्या ओळीनं वाचली: ‘उमेदवाराने स्वच्छ पांढऱ्या गणवेशात उपस्थित राहावे.’ साल शहाऐंशी. उन्हाळा लातूरचा. नळ कोरडे, आणि टँकर आठवड्यातून एकदा, दर गुरुवारी. मुलाखत होती बुधवारी. स्वच्छ आणि पांढरं असं दोन्ही एकदम मागणारा माणूस बाहेरगावचा असणार, असं माझे बाबा पत्र हातात धरूनच म्हणाले.

ओळ म्हणजे सहा बिऱ्हाडांची, एका पत्र्याखालची खोल्यांची ओळ. समोर सामाईक अंगण, अंगणात लिंबाचं झाड, आणि झाडाला बांधलेली वहिदाचाचीची शेळी. शेळीचं नाव बिजली. सहाही घरांचा चहा बिजलीच्या दुधावर चालायचा, त्यामुळे ओळीत तिला मान होता. नुकताच नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन नांदेडहून परत आलेल्या मला त्या मानानं थोडा कमी होता.

नव्या जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांसाठी अकरा जागा निघाल्या होत्या. या हुकल्या तर पुढची भरती कधी, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. बाबा जिल्हा परिषदेत कारकून होते, ते ऑक्टोबरात रिटायर होणार आणि आम्ही बाडबिस्तरा घेऊन जळकोटला परत जाणार, हे ठरलेलं. गावात माझ्या डिप्लोम्याचं काय करायचं असं मी एकदा मायला विचारलं, तर ती म्हणाली, “फ्रेम करून लावू की.” त्या फ्रेमची मला धास्ती बसली होती. त्यात बाबांनी मागच्या महिन्यात गावाकडं जाऊन ‘पोरगी सिस्टर झाली’ म्हणून पेढे वाटले होते. नोकरी लागली का असं गावानं विचारलं नाही आणि बाबांनी आपण होऊन सांगितलं नाही.

नांदेडला एका खासगी दवाखान्यात एक मुलाखत देऊन झाली होती. तिथल्या डॉक्टरांनी माझी सर्टिफिकेटं चाळली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “धिरडी येतात का?” जागा नर्सची होती हे खरं, पण पेशंट एकच होता आणि तो म्हणजे डॉक्टरांच्या सासूबाई. मी बाणेदारपणे उठून आले. बसस्टँडवर आल्यावर आठवलं की मला धिरडी उत्तम येतात, आणि मग जरा वाईट वाटलं.

साडीच्या आधी दाखल्याचं सांगायला हवं. साडीनं फक्त ओळीला कामाला लावलं, दाखल्यानं दोन जिल्ह्यांना. अर्ज स्थानिक उमेदवारांसाठी होते आणि माझ्या टी.सी.वर लिहिलेलं होतं ‘जळकोट, ता. उदगीर, जि. उस्मानाबाद’. मी शाळेत गेले तेव्हा ते बरोबर होतं. ब्याऐंशी साली लातूर वेगळा जिल्हा झाला आणि आम्ही बसल्या जागी जिल्हा बदलला. लातूरच्या एका कचेरीत सांगितलं, “कागदावर तुम्ही उस्मानाबादच्या.” बाबा उस्मानाबादला गेले. तिथं सांगितलं, “जळकोट आता आमच्याकडं न्हाई.” बाबा परत लातूरला. “मग जळकोट आमच्यात आलं याचा पुरावा आणा.” बाबांना राग येत नाही. कारकुनानं कारकुनावर चिडू नये, असं त्यांचं तत्त्व आहे. शेवटी ते गावी जाऊन नागप्पा तलाठ्यांसमोर नुसते बसून राहिले. नागप्पांनी अर्धा तास विचार केला आणि लिहून दिलं: ‘दाखला देण्यात येतो की, मौजे जळकोट हे गाव पूर्वी जेथे होते तेथेच आहे. जिल्हा बदलला आहे. गाव हललेले नाही.’ लातूरच्या साहेबांनी तो दाखला दोनदा वाचला, “असं स्पष्ट पाहिजे बघा,” म्हणाले आणि शिक्का मारला.

आता मुलाखतीची तयारी. ती गुरुबसप्पा काकांनी हातात घेतली. आमच्या ओळीतल्या शेवटच्या खोलीत राहणारे हे गृहस्थ तीस वर्षं एका मोठ्या साहेबांच्या दाराबाहेर शिपाई होते. हजारभर उमेदवार त्यांनी स्वतःच्या हातानं आत सोडले होते, त्यामुळे मुलाखतीतला त्यांचा शब्द ओळीत अखेरचा. रोज संध्याकाळी ते मला अंगणात उभं करत.

“चपला बाहेर वाजवायच्या न्हाईत. पदर हितून. फाईल डाव्या हातात. दार ढकलायचं न्हाई, लोटायचं. ढकललं की साहेब वर बघतंय, लोटलं की हळूच बघतंय. पहिल्यांदा मान, मग पाय.”

“आणि आत गेल्यावर काका?”

“आत गेल्यावर काय?”

“काय विचारतात?”

“त्याच्या फुडचं मला ठाव न्हाई बग. मी दार लावून घेत होतो.”

अशा रीतीनं माझी दारापर्यंतची तयारी पक्की झाली. दारापलीकडे मी आणि माझं नशीब.

माझ्याजवळ पांढरी साडी एकच होती. होस्टेलच्या विहिरीच्या पाण्यानं ती पिवळी पडली होती आणि ट्रंकेत राहून आणखी पिवळी. टँकरचं पाणी कोणत्या तलावाच्या तळातून येत होतं देव जाणे. त्यात साडी घातली असती तर चहासारखी निघाली असती. मायनं तोंडानं कोणाला काही मागितलं नाही. सोमवारी संध्याकाळी ती रिकामी बादली अंगणात ठेवून तिच्याकडं बघत बसली, एवढंच. मायचं ते बघणं मी ओळखते. पहिल्यांदा वहिदाचाची तांब्या घेऊन आली. फडक्यातून दोनदा गाळून, तुरटी फिरवून ठेवलेलं पिण्याचं पाणी. मग काकांच्या मल्लम्मा काकू दोन तांबे घेऊन आल्या. मग बाकीची तीन घरं. गुरुवारपर्यंत प्यायला पुरवून ठेवलेलं पाणी होतं ते, आणि माझ्या साडीसाठी ते बादलीत पडत होतं. मला लाज वाटत होती आणि आनंदही होत होता, आणि दोन्ही एकदम होत असल्यामुळे मी उगीचच झाडू घेऊन स्वच्छ अंगण झाडत होते.

मंगळवारी सकाळी साडी धुतली. निळीची पुडी वहिदाचाचीनं सोडली. “थोडीशी नीळ और डालते बेटा, चमकेल,” म्हणत तिनं सगळीच सोडली. साडी पांढरी झाली हे मान्य करायला हवं. जरा आभाळासारखी पांढरी झाली. मग खळीचा प्रश्न आला. खळ भाताच्या पेजेची असते, पण रेशनचा तांदूळ संपून पंधरा दिवस झाले होते. पुन्हा गुरुबसप्पा काका.

“ज्वारीच्या पिठाची करा. माझ्या ड्रेसला तीस वर्ष ज्वारीचीच खळ होती. कडक म्हंजे कडक! सायेब म्हणायचे, गुरुबसप्पा, तू येलालास ते मला आवाजावरून कळतंय.”

मायनं दोन मुठी पीठ शिजवलं. आम्ही साडी त्यात बुडवली, पिळली, आणि धूळ लागू नये म्हणून चौपदरी घडी करून दोरीवर घातली. उन्हानं अर्ध्या तासात तिची भाकरी केली. बोटानं वाजवली तर टकटक वाजायची. ओळीतल्या सगळ्या बायका येऊन एकेकदा वाजवून गेल्या. मग सगळे आपापल्या घरी जेवायला गेले.

इथं एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. त्या वर्षी कडबा सोन्याच्या भावानं जात होता आणि बिजली दोन महिने वाळकं गवत आणि जुन्या वह्या यांवर दिवस काढत होती. अशा शेळीच्या नाकासमोर आम्ही चांगल्या दोन मुठी शिजवलेल्या ज्वारीची साडी वाळत घातली होती. बिजलीला दोष देता येत नाही. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

वहिदाचाचीची किंकाळी ऐकून मी बाहेर आले, तेव्हा घडीचा एक कोपरा संपला होता आणि बिजली दुसऱ्याकडं वळली होती. साडी खाली ओढली आणि उलगडली. चौपदरी घडी असल्यामुळे एकेका घासाची चार चार भोकं झालेली. कागद दुमडून कात्रीनं नक्षी काढावी तशी माझी नोकरी दोन्ही हातांत उघडली.

मी रडायला बसणार होते. पण वहिदाचाची माझ्या आधीच बसली होती, आणि ती साडीसाठी रडत नव्हती.

“पंचशीला बेटा, निळीची पुडी... पूरी पुडी मैंने डाली थी! मेरी बिजली मर जाएगी क्या गं?”

तिच्या मागं मल्लम्मा काकू, त्यांच्या मागं बाकीची ओळ. सगळे माझ्याकडं बघत होते. तीन वर्षांचा कोर्स, शंभरावर बाळंतपणं पाहिलेली, गळ्यात डिप्लोमा अडकवता आला असता तर अडकवून मिरवणारी मी. आणि डिप्लोम्यानंतरची माझी पहिली पेशंट चार पायांची. माझा स्वाभिमान क्षणभर आडवा आला. मग मी बिजलीकडं बघितलं. ती मान खाली घालून उभी होती, तोंडाला निळा फेस होता. मी आत जाऊन थर्मामीटर आणला.

थर्मामीटर कुठं लावला हे मी लिहीत नाही. बिजलीच्या मात्र ते कायम लक्षात राहिलं. पारा एकशे दोन पूर्णांक आठवर गेला आणि ओळीत हलकल्लोळ माजला. “ताप हाय! ताप हाय!” काकू मिठाच्या पाण्याची पट्टी आणायला धावल्या. मला ताप कळत होता, शेळी कळत नव्हती. शेळीचं अंग मुळात किती गरम असतं हे आमच्या पुस्तकात नव्हतं. मी पट्टी थांबवली, हाताला लागला त्या कागदावर सगळं टिपलं, आणि थर्मामीटर धुऊन पलीकडच्या गल्लीत साहेबराव गवंड्याकडं गेले. त्यांची शेळी धडधाकट होती. साहेबराव म्हणाले, “ताई, हिला काय झालंय?” मी म्हटलं, “काही नाही. म्हणूनच आले.” त्या शेळीचाही पारा एकशे दोन पूर्णांक सहा. तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

दुपारी दोनपासून संध्याकाळी सातपर्यंत मी बिजलीपाशी बसून होते. दर तासाला ताप, नाडी, श्वास, पाणी किती, लेंडी किती. सात वाजता तिनं काकांच्या धोतराचा सोगा ओढला आणि मी तिला बरी झाल्याचं जाहीर केलं. चाचीनं माझे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले.

आणि मग आठवलं, सकाळी दहाला मुलाखत.

मी घरात आले तेव्हा माय ट्रंकेपाशी बसली होती आणि तिच्या मांडीवर तिची पांढरी नऊवारी होती. बारीक निळ्या काठाची. ती साडी वर्षातून दोनदाच निघायची, चौदा एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला. बाकी वर्षभर तिला कोणी हात लावायचा नाही, मी तर नाहीच. चाचीचे नवरे तय्यबचाचा, गंजगोलाईजवळ शिलाईचं दुकान चालवणारे, दारात मोजपट्टी घेऊन उभे होते. त्यांना मायनंच बोलावलं होतं.

“भाभी, एकदा सोचो. कात्री लागली की लागली,” चाचा म्हणाले.

“लावा,” माय म्हणाली.

“माय, नको ना,” मी म्हटलं. “मी असंच जाते. सांगते काय झालं ते.”

“काय सांगतीस? शेळीनं खाल्ली म्हणतीस?” मग तिनं साडी चाचांच्या हातात दिली. “नाहीतरी आजकाल सगळ्या सहावारीच नेसलाल्यात. मी काय म्हातारी हाय व्हय?”

चाचांनी भोकं पडलेला भाग काढून टाकला, मायच्या साडीतून तीन वार घेतले, त्याचा काठ कापून काढला आणि जोड अशा ठिकाणी घातला की तो निऱ्यांच्या आत जावा. मशीन चालू असताना मी मायकडं बघत नव्हते. बघितलं असतं तर रडले असते. मायनं निघालेला निळा काठ गुंडाळून परत ट्रंकेत ठेवला.

सकाळी ती साडी नेसले तर अर्धी मऊ आणि अर्धी कडक. उजवा पाय गुपचूप पडायचा, डावा करकरत पडायचा. मुलाखतीच्या जागी पोचले तर अंगणात चाळीसेक मुली, सगळ्या पांढऱ्या. त्यांनी पाणी कुठून आणलं होतं कोण जाणे. प्रत्येकीच्या मागं एखादी ओळ उभी असणार, असं मला आता वाटतं.

माझं नाव पुकारलं. मी दार लोटलं. पहिल्यांदा मान, मग पाय. इथवर काकांची शिकवण अचूक उतरली. आत तिघं होते: मोठे डॉक्टर, एक अधिकारी, आणि मेट्रनबाई. “बसा,” म्हणाले. मी बसले आणि साडी पापडासारखी मोडली. अधिकारी दचकले.

डॉक्टरांनी फाईल उघडली. डिप्लोमा बघितला, नागप्पांचा दाखला बघून हसले, पुढचा कागद काढला आणि तो उलटा निघाला. ते वाचू लागले.

“पेशंटचं नाव बिजली. वय अडीच वर्षं.” ते थांबले. “आहार: पांढरी साडी, अंदाजे दीड वार.”

त्यांनी चष्मा काढला. काल हाताला लागला तो कागद म्हणजे माझ्या चारित्र्याच्या दाखल्याची खरी नक्कल होती, हे मला त्या क्षणी कळलं. चारित्र्याच्या पाठीवर बिजलीचा तक्ता होता.

“अडीच वर्षांची मुलगी साडी खाते?” अधिकारी म्हणाले.

“मुलगी नाही साहेब. शेळी.”

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. सहा घरांचं पाणी, निळीची पुडी, ज्वारीची खळ, मायची साडी. मी सांगत असताना डॉक्टर हसू दाबत होते, अधिकारी तेवढंही करत नव्हते, उघड हसत होते. माझे कान तापले. ओळीची एवढी माणसं आणि एवढं पाणी मी पाच मिनिटांत हसण्यावारी घालवलं, असं मला वाटलं. मेट्रनबाई मात्र हसत नव्हत्या. त्यांनी कागद आपल्याकडं ओढला आणि बोट फिरवत ओळ न् ओळ वाचली.

“दोन वाजता ताप एकशे दोन पूर्णांक आठ. औषध काय दिलंस?”

“काही नाही दिलं.”

“का?”

“शेळीचं नॉर्मल किती असतं ते मला माहीत नव्हतं. तसं लिहिलंय बघा खाली. म्हणून दुसऱ्या, बऱ्या शेळीचा ताप घेतला. दोघींचा जवळजवळ सारखाच होता. मग फक्त लक्ष ठेवलं.”

मेट्रनबाईंनी डॉक्टरांकडं बघितलं. “सकाळपासून इतक्या पोरी झाल्या, सगळ्यांना सगळं येत होतं. माहीत नाही म्हणणारी ही पहिली. आणि माहीत नसताना हात आवरणारी पण.”

“थर्मामीटर कुठाय तो?” अधिकाऱ्यांनी काळजीनं विचारलं.

“वहिदाचाचीला देऊन टाकला, साहेब.”

“छान केलंत,” ते म्हणाले, आणि तिथं माझी मुलाखत संपली. मला वाटलं, हसून झालं, आता फ्रेम.

पुढच्या गुरुवारी यादी लागली. बाबांना रजा नव्हती, मी एकटीच गेले. फळ्यासमोर गर्दी. अकरा नावं टाईप केलेली. मी खालून वर वाचत गेले. नववं नाव माझं होतं. पुन्हा वाचलं. बाबांचं नाव वाचलं, गावाचं नाव वाचलं. शेजारी एक मुलगी यादीत नाव नसल्यामुळे उभ्या उभ्या रडत होती. मी तिचा दंड धरून थोडा वेळ नुसती उभी राहिले. मग चालत घरी निघाले. रिक्षा करायला हवी होती, पण पाय ऐकतच नव्हते.

गल्लीच्या तोंडाशी टँकर लागला होता. आमची ओळ अख्खी रांगेत होती, घागरी, हंडे, डबे, पिंपं घेऊन. टँकरची रांग म्हणजे काय ते त्या वर्षीच्या लातूरकरालाच कळेल. तिथं नंबर सोडला की गेला; मग आठ दिवस शेजाऱ्यांच्या तोंडाकडं बघा. मागं एकदा तय्यबचाचांच्या दुकानात धूर निघाल्याचा निरोप आला, तेव्हा चाची म्हणाली होती, “दो घागर भरून आलेच.”

पहाटेपासून उभं राहून मायचा नंबर आता लागला होता. पाईप तिच्या हातात होता, पाणी घागरीत पडत होतं. मी लांबून नुसती बघत राहिले. मला ओरडून सांगता येईना. मायनं मान वर केली आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. किती वेळ बघितलं कोण जाणे. मग तिनं पाईप सोडून दिला.

पाईप रस्त्यावर वळवळायला लागला. ड्रायव्हर ओरडला, “ओ बाई, पानी! पानी जातंय!” माय पळत होती. माझ्या मायला पळताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. तिच्या मागं वहिदाचाची, घागर तिथंच टाकून. मल्लम्मा काकू. गुरुबसप्पा काका धोतर सावरत. बाकीची घरं. त्यांनी मला मध्ये घेतलं, आणि कोणाचा हात कुठं, कोण हसतंय, कोण रडतंय, काही कळत नव्हतं. चाची माझ्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडत होती. काका विचारत होते, “दार लोटलं होतंस न्हवं?”

भानावर आलो तेव्हा टँकर गेला होता. रांगेत मागं असलेल्या दुसऱ्या गल्लीनं भरून घेतलं होतं आणि आमची भांडी रस्त्याच्या कडेला रिकामी पडली होती. सहा घरं, आठ दिवस, पाणी कोणाकडंच नाही. माझ्यामुळे हे झालं म्हणून मला कानकोंडं झालं.

“माय, पाणी गेलं गं सगळ्यांचं,” मी म्हटलं.

मायनं पदरानं तोंड पुसलं आणि रिकामी घागर कमरेवर घेतली.

“जाऊ दे. पाणी काय, गुरुवारी पुन्हा येतंय,” ती म्हणाली. “तू काय दर गुरुवारी नोकरीला लागतीस व्हय?”